गोटी आधी ओळखा, भाव मग विचारा

(सामुदायिक रेडिओवरून दिलेले भाषण)

कुणी चुलीपुढं असाल, कुणी शेळ्या बांधून आत्ताच टेकला असाल, कुणी रानातून येताना मोबाईलवर रेडिओ लावला असेल. आम्ही शिरूर अनंतपाळ तालुक्यात बचत गटांसोबत काम करतो. दर वेळी आपण कर्जाचे हप्ते, शेळीपालन, पापड-मसाले, बँकेची कागदपत्रं असं बोलतो. आज विषय वेगळा आहे. आज आम्ही गोट्यांवर बोलणार आहोत. होय, लेकरं खेळतात त्याच काचेच्या गोट्या.

हसू आलं असेल तर हसून घ्या. आम्हीही हसलो होतो. पण या गोट्यांपायी आमच्या हातून एक चूक झाली आणि आमच्या गटातल्या एका आजीचं नुकसान झालं. ती चूक तुमच्या गटात होऊ नये, म्हणून आज आम्ही ती रेडिओवर सगळ्यांपुढं सांगतोय.

झालं असं. या आजींच्या मालकांची बाजारात सोडावॉटरची गाडी होती. गोटी सोडा तुम्हाला आठवत असेल. जाड हिरवट काचेची बाटली, गळ्याला चिमटा काढल्यासारखी, आत एक गोटी. लाकडी दट्ट्यानं गोटी दाबली की फस्स असा आवाज व्हायचा आणि सोडा वर यायचा. मालक गेले, गाडी मोडीत गेली. १९९३ च्या भूकंपानंतर आजींचं जुनं माळवदाचं घर उतरवलं, तेव्हा बरंच सामान भंगारात गेलं. पण एका लाकडी पेटीत नऊ बाटल्या राहिल्या, आणि बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात लेकरांच्या खेळण्यातल्या गोट्या राहिल्या. आजींनी हे सगळं इतकी वर्षं पलंगाखाली जपून ठेवलं.

मागच्या उन्हाळ्यात दारावर भंगारवाला आला. त्यानं बाटल्या आणि डबा मिळून साठ रुपये सांगितले. आजी द्यायला निघाल्या होत्या. तेवढ्यात नातवानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस सांगत होता की जुन्या काचेच्या गोटीला लाख लाख रुपये मिळतात. आजींनी भंगारवाल्याला परत पाठवलं आणि विषय आमच्या बैठकीत आला.

आता आमची चूक ऐका. आम्ही शिकलेल्या, चार ठिकाणी फिरणाऱ्या. आम्ही ऐटीत म्हणालो, "आजी, सगळ्या गोट्या एका ठिकाणी काढून मोजून ठेवा, आपण चौकशी करू." आम्हाला म्हणायचं होतं डब्यातल्या गोट्या. नातवाला वाटलं बाटलीतल्यासुद्धा. त्यानं तीन बाटल्या दगडावर फोडल्या आणि आतल्या तीन गोट्या काढून डब्यात टाकल्या. चौथी फोडायच्या आत आजींनी हात धरला.

पुढं गटातल्या एका ताईच्या मुलानं पुण्याच्या जुन्या बाजारात फोटो दाखवले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथं जुन्या वस्तूंची पारख असणारी माणसं बसतात. त्या दुकानदारानं गोट्यांकडं नंतर पाहिलं. पहिला प्रश्न विचारला, "बाटल्या अख्ख्या आहेत का?" फोनवर हे ऐकलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो.

का गप्प झालो, ते सांगतो. ही बाटली इंग्लंडमधल्या हायरम कॉड नावाच्या माणसाची युक्ती. १८७२ साली त्यानं या बाटलीचं पेटंट पक्कं केलं. बाटली उलटी धरून भरतात. आतल्या वायूच्या दाबानं गोटी गळ्यातल्या रबरी चकतीला घट्ट बसते आणि तोंड बंद होतं. ना बूच लागतं, ना पत्र्याचं झाकण. म्हणून ही बाटली पुन्हा पुन्हा भरता येते, आणि म्हणूनच ती आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत इतकी वर्षं टिकली. जपानमध्ये रामुने नावाचं पेय आजही अशाच गोटीच्या बाटलीत विकतात. तर या सगळ्यात मोलाची आहे ती बाटली. आतली गोटी साधी, एकाच रंगाची, कसलीही नक्षी नसलेली. बाटलीतून काढली की तिला काही भाव नाही, आणि फुटलेल्या बाटलीलाही नाही. म्हणजे गोटीसाठी बाटली फोडली की दोन्ही गेलं. इंग्लंडच्या पोरांनीसुद्धा गोट्यांसाठी अशा कितीतरी बाटल्या फोडल्या. त्यामुळंच तिथं अख्ख्या जुन्या बाटल्या कमी राहिल्या आणि जमवणाऱ्यांना त्यांचं अप्रूप वाटतं.

म्हणून आजची पहिली गोष्ट लक्षात ठेवा. वस्तू काय आहे हे कळेपर्यंत ती फोडायची नाही, घासायची नाही, सुटी करायची नाही आणि विकायचीही नाही.

आता गोट्या कशा ओळखायच्या ते पाहू. नंतर आम्ही चौकशी केली, वाचलं, आणि डब्यातली एक एक गोटी हातात घेऊन पाहिली. त्यातून जे शिकलो ते सांगतो. यासाठी मोठं यंत्र लागत नाही. चांगला उजेड, एक भिंग, एक मोजपट्टी आणि वही पुरते. भिंग नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्यानं फोटो काढून तो मोठा करून पाहा.

आधी पाहायचं, गोटी कशाची आहे. मातीची गोटी मंद दिसते, तिच्यातून उजेड जात नाही. अकीक दगडाच्याही गोट्या असतात. गुजरातेत खंबातला अकीक दगड घासून मणी करण्याचा धंदा फार जुना आहे, आणि जर्मनीत अकिकाच्या गोट्या घडवत असत. दगडाच्या गोटीत एकात एक कडी असल्यासारख्या रेषा दिसतात. काचेच्या गोटीत मात्र उजेडापुढं धरल्यावर बऱ्याचदा बारीक गोल बुडबुडे दिसतात. दगडात असे बुडबुडे नसतात.

मग पाहायची गोटीची दोन टोकं. सगळ्यात महत्त्वाची खूण हीच, म्हणून नीट ऐका. जुन्या काळी काचेच्या गोट्या हातानं करत. जर्मनीत थुरिंगिया भागात लाउशा नावाचं काच कारागिरांचं गाव आहे. तिथं १८४० च्या दशकात गोटी कापायची एक खास कात्री निघाली आणि तिथून जगभर गोट्या जाऊ लागल्या. काम कसं चालायचं? आपण कणकेची लांब वळी करतो आणि तिचे गोळे तोडतो, तसंच. रंगीत काचेच्या काड्या एकत्र तापवून जाड वळी करायची, तिला पीळ द्यायचा आणि त्या कात्रीनं एक एक गोटी तोडायची. आता विचार करा, वळीतून तोडलेल्या गोळ्याला दोन्हीकडं तोडल्याची जागा राहणारच. गोटीलाही ती राहते. समोरासमोर दोन ठिकाणी खडबडीत ठिपका किंवा घासून सपाट केलेली खूण असते. त्यावर नख फिरवलं तर अडकतं. आतल्या रंगाचे धागे पीळ घेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेलेले दिसतात. काही गोट्यांत मधोमध जाळीसारखा पांढरा पीळ असतो. काहींत पारदर्शक काचेच्या आत पांढरा छोटा प्राणी बसवलेला असतो, मेंढी, कुत्रा, पाखरू असं काही. अशा गोट्या जमवणारे लोक आवर्जून शोधतात.

पहिलं महायुद्ध १९१४ साली लागलं तेव्हा जर्मनीतून येणारा माल अडला. त्याच सुमाराला अमेरिकेत यंत्रावर गोट्या होऊ लागल्या होत्या. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावच्या मार्टिन ख्रिस्टेन्सन यांना त्या यंत्राचं पेटंट १९०५ साली मिळालं. यंत्रात खाचा असलेले रूळ फिरतात आणि त्यावरून गरम काचेचा गोळा गोल गोल घरंगळत जातो. म्हणून यंत्राची गोटी गुळगुळीत असते, तिला खडबडीत टोकं नसतात. जुन्या अमेरिकी यंत्राच्या काही गोट्याही जमवणारे घेतात, पण त्या ओळखायला जास्त अनुभव लागतो. त्या आपल्या घरात सापडतील असं धरून बसू नका.

तिसरी जात आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. स्वच्छ काच आणि आत फुलाच्या तीन-चार पाकळ्या असाव्यात तशा रंगीत पट्ट्या. तिला मांजरडोळा म्हणतात. जपाननं १९५० नंतर अशा गोट्या जगभर विकल्या. आज आपल्या बाजारात पिशवीनं मिळतात त्या बहुतेक याच. लेकरांना खेळायला छान. पण वीस-तीस वर्षं डब्यात पडून राहिली म्हणून मांजरडोळा गोटी मोलाची होत नाही. आजींच्या डब्यात एकशे चौऱ्याऐंशी गोट्या निघाल्या. त्यातल्या बहुतेक याच, किंवा एका रंगाच्या साध्या. दोन टोकांच्या निघाल्या फक्त पाच.

आता भाव कशावर ठरतो? पाच गोष्टींवर. गोटी कशी घडवली आहे, तिचा आकार, तिची नक्षी आणि रंग, तिची दशा, आणि पाचवी गोष्ट म्हणजे ती हवी असणारा माणूस.

आकार मोजायची सोपी युक्ती सांगतो. मोजपट्टीवर गोटी ठेवा. दोन्ही बाजूंनी दोन काडेपेट्या उभ्या लावा. मधलं अंतर वाचा. खेळायची नेहमीची गोटी सोळा मिलिमीटरच्या आसपास भरते. हातानं केलेली गोटी पंचवीस मिलिमीटरच्या वर असेल तर तशा गोट्या कमी असतात, म्हणून तिला जास्त मोल येतं.

दशा म्हणजे तिच्यावरचा मार. गोट्या खेळून खेळून एकमेकींवर आपटलेल्या असतात. त्यांच्या कातडीवर, थोडंसं आत, बारीक चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात. या खुणा जुनेपणाच्या आहेत, पण भाव कमी करणाऱ्याही आहेत. टवका उडाला असेल तर भाव आणखी उतरतो. त्याच नक्षीची, त्याच आकाराची, पण न खेळलेली गोटी आणि टवके उडालेली गोटी, यांच्या किमतीत फार मोठा फरक पडतो. व्हिडिओवाला लाखाची गोष्ट करतो ती अगदी दुर्मीळ आणि जराही न दुखावलेल्या गोटीची. आपल्या लेकरांनी गोट्या खेळण्यासाठी घेतल्या होत्या आणि ती खेळली, ते बरंच झालं. फक्त आपण लाखाची आशा धरायची नाही.

नवीन गोट्या जुन्या म्हणून विकणारेही आहेत. हातानं गोट्या करणारे कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या गोट्यांनाही टोकं असतात. खऱ्या जुन्या गोटीवर ओरखडे सगळीकडून, वेडेवाकडे, कमी-जास्त असतात. एकाच दिशेनं एकसारखे घासलेले दिसले तर सावध व्हा. काही पिवळट-हिरव्या काचेत पूर्वी युरेनियम घालत. अशी काच दुकानात नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. पोरांना याची मजा वाटते. पण तशी काच आजही बनते, त्यामुळं चमकली म्हणून ती जुनीच आहे असं ठरत नाही.

आणि बायांनो, आपल्या हातांना सवय आहे. जुनं भांडं दिसलं की चिंच लावायची, राखेनं घासायचं. गोटीला आणि बाटलीला हे करू नका. तारेच्या घासणीनं काचेवर ओरखडे उठतात आणि ते परत जात नाहीत. कढत पाण्यात टाकली तर जुनी काच तडकू शकते. कोमट पाण्यात हलकेच बुडवायची आणि मऊ सुती कापडानं टिपायची, एवढंच. बाटलीवर उठावाची अक्षरं असतील तर त्यातली माती मऊ ब्रशनं काढा. ही अक्षरं फार कामाची. त्यात सोडा कारखान्याचं नाव, गावाचं नाव किंवा बाटली करणाऱ्याचं नाव असतं. इंग्लंडमध्ये बार्न्सली इथल्या रायलंड्स यांनी कॉड यांच्यासोबत या बाटल्या केल्या आणि त्यांचं नाव काही बाटल्यांवर वाचायला मिळतं. अक्षरांची बाटली कोऱ्या बाटलीपेक्षा जास्त भावाला जाते. आमच्या नऊपैकी दोन बाटल्या अक्षरांच्या होत्या. फुटलेल्या तीनमध्ये त्यातली एक गेली.

आता भावाबद्दल. लातूरच्या आडतीवर सोयाबीन नेता, तेव्हा पाटीवर एक भाव लिहिलेला असतो. पण माल ओला निघाला, माती निघाली की हातात पडणाऱ्या पट्टीवर दुसराच भाव असतो. घर चालतं ते पट्टीवरच्या भावानं. जुन्या वस्तूंचं तसंच आहे. मोबाईलवर कुणी गोटीला पन्नास हजार मागितले, याचा अर्थ कुणी पन्नास हजार दिले असा होत नाही. मागितलेला भाव पाहू नका. विकलेला भाव विचारा. भंगारवाल्याचाही राग धरू नका. तो काच किलोवर घेतो आणि काचेचाच भाव देतो. त्याच्या तराजूत आजीच्या बाटलीला आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीला एकच वजन.

मग आम्ही काय केलं? सगळ्यात आधी वही केली. प्रत्येक बाटलीला आणि त्या पाच गोट्यांना नंबर दिला. नंबरासमोर आकार, रंग, खुणा, टवके आणि ती घरात कशी आली, हे आजींना विचारून लिहिलं. पांढऱ्या कागदावर, सावलीत, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. गोटीच्या दोन्ही टोकांचे वेगळे फोटो काढले. जो टवका आहे तो लपवला नाही, उलट त्याचाच जवळून फोटो काढला. मग एकाला न विचारता तिघांना विचारलं. पुण्याचा तो दुकानदार, मुंबईला चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या वस्तू विकणारा एक जण आणि हैदराबादच्या जुमेरात बाजारात जाणारा आपल्याकडचाच एक ओळखीचा माणूस. पहिला म्हणाला बाटलीला शंभर. दुसरा म्हणाला अडीचशे. तिसऱ्यानं कोऱ्या बाटलीला तीनशे आणि अक्षरांच्या बाटलीला नऊशे सांगितले, रोख, माल पाहून. आम्ही तिसऱ्याला हो म्हणालो.

सहा बाटल्या उरल्या होत्या. आजींनी चार कोऱ्या आणि एक अक्षरांची विकली. एकवीसशे रुपये आले. एक कोरी बाटली त्यांनी ठेवली, मालकांची आठवण म्हणून. साठ रुपयांच्या जागी एकवीसशे, हे चांगलं झालं असं तुम्ही म्हणाल. पण आम्हाला दुसरा हिशेबही दिसतो. फुटलेल्या तीन बाटल्यांचे दीड हजार रुपये गेले, आणि ते आमच्या अर्धवट बोलण्यानं गेले. आम्ही ते गटाच्या बैठकीत उभं राहून कबूल केलं. आजी म्हणाल्या, "पोरींनो, तुम्ही नसता तर सगळ्याचे साठच आले असते." त्यांनी आम्हाला सोडलं. आम्ही मात्र तो आकडा वहीत लिहून ठेवला आहे.

पैसे आजींच्या स्वतःच्या खात्यात भरले, हे मुद्दाम सांगतो. घरातली वस्तू विकताना ती कुणाची आहे हे आधी विचारायचं. सासूची पेटी, आईचा डबा, आजीची उतरंड, यांचा भाव आपण काढतो आणि तिला शेवटी सांगतो, असं होऊ नये. मालकीण ती असेल तर ठरवणारीही तीच आणि पैसे घेणारीही तीच. आजींनी त्या पैशांतून डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी जाण्या-येण्याचा खर्च केला. मुलाकडं हात पसरावा लागला नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली. कुणी म्हणेल, तुमच्या गोटीला, तुमच्या जुन्या नाण्याला एवढे लाख देतो, फक्त आधी नोंदणीचे दोन हजार भरा, कर भरा, कमिशन भरा. त्याला एक रुपयाही देऊ नका. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून असे पैसे उकळले जात होते, म्हणून खुद्द रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. मोबाईलवर पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे येणार नाहीत, जाणार आहेत. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा.

दुसरी. शेतात नांगरताना, विहीर खणताना मणी, नाणी, मूर्ती सापडली तर ते घरातल्या डब्यासारखं नाही. आपल्या शेजारी धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते मोठं व्यापारी नगर होतं, आणि तिथल्या मातीत सापडलेले मणी आणि वस्तू तिथल्याच सरकारी संग्रहालयात ठेवल्या आहेत. जमिनीत सापडलेल्या मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसा कायदा १८७८ पासून आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंसाठी १९७२ चा वेगळा कायदा आहे. त्या देशाबाहेर विकायला बंदी आहे आणि त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो. म्हणून रानात सापडलेली वस्तू गुपचूप विकू नका. तलाठ्याला किंवा तहसीलला कळवा.

तिसरी. गोट्या लहान लेकरांच्या तोंडात जातात. रांगणाऱ्या बाळाच्या घरात डबा उंच ठेवा. मोलाची असो की बिनमोलाची, घशात अडकलेली गोटी जीव घेते.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, आमच्या घरात जर्मन गोट्या कुठून येणार? बरोबर आहे, बहुतेक घरांत नसतीलच. पण तुमच्या घरात दुसरं काही असेल. माजघरातला कंदील असेल. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्यात झालेला प्रभाकर कंदील एकेकाळी घरोघरी होता. अडकित्ता असेल, पानाचा डबा असेल, पितळी दिवा असेल. पुण्याचे दिनकर केळकर असेच अडकित्ते, दिवे, कंगवे, भांडी गावोगाव फिरून जमवत राहिले आणि त्यातून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभं राहिलं. तिथं गेलात तर आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तू काचेच्या कपाटात दिसतील. ज्या वस्तू आपण अडगळ म्हणतो, त्या कुणीतरी नीट पाहिल्या, नाव दिलं, कुठून आल्या ते लिहिलं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी एक काम देतो. प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणा. विकायला नाही, पाहायला. ती कशाची आहे, कुठं घडली असेल, कुणी आणली, फुटली आहे का, हे वहीत लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा, कारण ते तिलाच माहीत असतं. मग विकायचं की ठेवायचं, हे तिच्यासोबत ठरवा. आणि भंगारवाला दारात आला तर त्याला चहा पाजा, पण वही पाहिल्याशिवाय पेटी उघडू नका.

त्या पाच गोट्यांचं काय झालं, हे विचारायला तुम्ही फोन करालच, म्हणून आताच सांगतो. पुण्याच्या दुकानदारानं पाचांचे मिळून अडीच हजार सांगितले. त्यात एक मोठी होती, सत्तावीस मिलिमीटरची, आत लाल-पिवळा पीळ, एका बाजूला टवका उडालेला. आजींनी ती हातात घेतली. म्हणाल्या, ही माझ्या भावानं मला दिली होती, तो हैदराबादला कामाला होता तेव्हा. मी मुलगी म्हणून मला खेळू देत नव्हते, तर मी रात्री अंथरुणात घेऊन झोपायचे. आम्ही किंमत पुन्हा एकदा सांगितली, कारण ते आमचं काम होतं. त्यांनी ऐकून घेतली, मान हलवली आणि पाचही गोट्या रुमालात बांधल्या. किंमत कळल्यावर त्यांनी नाही म्हटलं. साठ रुपये म्हणून दिल्या असत्या तर त्यांना काय दिलं हेही कळलं नसतं.

बाकीच्या गोट्या शाळेतल्या पोरांनी नेल्या. तीन बाटल्यांतल्या त्या साध्या हिरवट गोट्यासुद्धा त्यातच गेल्या. एक नातवाकडं आहे. परवा तो आम्हाला म्हणाला, "काकू, हिला भाव नाही ना?" आम्ही म्हणालो, नाही. तो म्हणाला, "मग मी खेळतो." खेळ म्हणालो.

चला, वेळ संपली. तुमच्या घरातली वस्तू आणि तिची गोष्ट आम्हाला बैठकीत नक्की सांगा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. तोवर रामराम.